आडनाव सोडा, आधी गाव शोधा: घराण्याचा माग काढणाऱ्या नवख्यांसाठी

आमच्या माहेरी दर गणपतीत एकदा तरी हा वाद व्हायचा. आपण मूळचे कुठले? थोरले काका म्हणायचे, घाटाखालचे. आत्या म्हणायची, छे, आपण विजापूरकडून आलो. मग एक चुलतभाऊ मोबाईलवर आडनाव शोधून कुठला तरी राजवंश काढून दाखवायचा. त्या राजवंशाला निशाण होतं, ब्रीदवाक्य होतं. आमच्या गावाचं नाव तेवढं कुठे नव्हतं. शेवटी मीच कागद काढायला बसले. दोन वर्षांत पाच पिढ्यांची नावं हाती लागली आणि तिघांचेही दावे मोडीत निघाले. त्या दोन वर्षांत जे चुकत चुकत कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. तुमचे निदान सहा महिने वाचतील.

आधी घरातलं गोळा करा

कॉम्प्युटर नंतर. आधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसासमोर बसा आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा. "आपला इतिहास सांगा" असं विचारलंत तर "काय सांगायचं, शेतकरी माणसं आपण" एवढंच उत्तर मिळतं. बारीक विचारा. कुलदैवत कोणतं? गावात जमीन कोणत्या शिवारात होती, त्या रानाला काय म्हणायचे? पणजोबांचं श्राद्ध कोणत्या तिथीला करता? आजीचं माहेर कोणतं, तिच्या आईचं कोणतं? नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला गेलो की कोणत्या गुरुजींकडे उतरायचो?

साल कुणालाच आठवत नाही, पण प्रसंग आठवतात. "गांधींना मारलं तेव्हा मी पाळण्यात होते" म्हणजे १९४८. "पानशेत फुटलं त्याच्या पुढच्या वर्षी लग्न" म्हणजे १९६२. कोयनेचा भूकंप डिसेंबर १९६७ चा आणि बहात्तरचा दुष्काळ तर सगळ्यांनाच ठाऊक. हे प्रसंग वहीत समासात लिहून ठेवा, पुढे तारखा जुळवायला तेच लागतात.

शाळेच्या दाखल्यावरच्या जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नका. आजोबांच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो. मास्तरांनी मुलाला शाळेत घेतलं, अंदाजाने वय धरलं आणि जूनची पहिली तारीख टाकली. तरी दाखला मिळवाच, कारण त्यावर जन्मगाव असतं आणि बऱ्याचदा आडनाव वेगळं असतं.

आडनाव फसवं असतं

आमचंच घ्या. मुंबईत आम्ही पाटील. आजोबा गिरणीत लागले तेव्हा हजेरीपटावर पाटील लिहिलं गेलं, कारण घरात कधीकाळी पाटिलकी होती. गावातल्या कागदावर मात्र आम्ही माने. मी सुरुवातीचे तीन महिने साताऱ्याकडच्या पाटलांमागे घालवले आणि त्यातला एकही आमचा नव्हता.

पाटील, देशमुख, कुलकर्णी, देशपांडे, चौगुले, पोतदार, फडणीस, चिटणीस ही मुळात वतनाची नाहीतर हुद्द्याची नावं. एका घराण्याशी ती बांधलेली नाहीत. जाधव, मोरे, पवार, शिंदे, गायकवाड ही आडनावं अनेक जातींत आहेत, त्यामुळे एका आडनावाचा म्हणून एक वंश निघत नाही. त्यातल्या त्यात 'कर' लागलेलं आडनाव उपयोगी, त्यात गाव सापडतं. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंनीही हीच रीत धरली: पेणकर, रोहेकर, किहीमवरून केहिमकर. पण 'कर' म्हणजे बहुतेकदा पूर्वज ज्या गावाहून निघाला ते गाव. तिथे तुमचं आज कुणी असेलच असं नाही.

म्हणून शोधाचा धागा आडनाव नव्हे. गाव, त्या गावातली जमीन आणि बाप-लेकांच्या नावांची साखळी, या तीन गोष्टी धरल्या तर पुढे सरकता येतं. गावही ठाऊक नसेल तर कुलदैवतापासून सुरुवात करा. इथेही जरा जपून, कारण देवसुद्धा गावं बदलतात. गोव्यात पोर्तुगीज अमलात देवळं मोडली जाऊ लागली तेव्हा १५६० मध्ये मंगेशी कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली. ज्यांचं कुलदैवत मंगेशी, त्यांनी मूळ गाव प्रियोळच्या आसपास शोधून उपयोग नाही, साष्टीकडे बघावं लागतं.

सातबारा: इथे रेंगाळा

गाव कळलं की महाभूलेखचं संकेतस्थळ उघडा. विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडा. गट नंबर ठाऊक असेल तर उत्तम, नसेल तर पहिलं नाव किंवा आडनाव टाकूनही शोधता येतं. विनास्वाक्षरीचा सातबारा फुकट दिसतो, आपल्या कामाला तो पुरतो. जमीन विकून पन्नास वर्षं झाली असली तरी घाबरू नका, ज्या गटात ती होती त्याचा सातबारा काढा.

उतारा आला की बहुतेक लोक नावं आणि क्षेत्र बघून बंद करतात. तुम्ही खाली बघा, 'जुने फेरफार क्र.' असं लिहून कंसात आकड्यांची रांग असते. आपला खजिना तो. जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर गेली की गाव नमुना सहामध्ये फेरफार नोंदवला जातो आणि त्यात ती का गेली ते लिहिलेलं असतं. विक्री, वाटणी, गहाण, आणि आपल्याला हवा तो वारस फेरफार. अमुक खातेदार मयत, त्याचे वारस अमुक अमुक. एका फेरफारात एक पिढी मागे जाता येतं.

हे आकडे घेऊन भूमी अभिलेखाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर जा. जुने हस्तलिखित सातबारे, फेरफार, आठ-अ (एका खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) यांची स्कॅन केलेली पानं तिथे थोड्या शुल्कात उतरवता येतात. सगळ्या गावांचं सगळं चढलेलं नाही. जे नसेल त्याच्यासाठी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा. मला एका कचेरीतून दोनदा "रेकॉर्ड उपलब्ध नाही" असं उत्तर आलं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा फेरफार क्रमांकाबरोबर गावाचं नाव आणि मूळ सर्व्हे नंबर स्वच्छ लिहून नेला, आणि रजिस्टर त्याच दुपारी निघालं.

सर्व्हे नंबरची गंमत अशी की १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर पुष्कळ गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजोबा सांगतात तो नंबर आणि आजच्या सातबाऱ्यावरचा नंबर जुळत नाही तो यामुळे. जुना कोणत्या नव्यात गेला हे एकत्रीकरण योजनेच्या उताऱ्यावर कळतं. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ नंतर जमिनी कुळांच्या झाल्या, तेव्हाचे फेरफारही बघा. तुमचे पूर्वज मालक नसतील, कुळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारे असतील, तर त्यांचं नाव तिथेच पहिल्यांदा उगवतं.

जुन्या नोंदींची भाषा थोडी शिकावी लागते. 'राघू बिन धोंडी' म्हणजे धोंडीचा मुलगा राघू. खानदेश-मराठवाड्याकडे बिनऐवजी 'वलद' येतं. 'कोम' किंवा 'जौजे' म्हणजे अमक्याची बायको. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तो दिसला की समजायचं, नाव एकाचं असलं तरी मागे भाऊ आहेत. कमी केलेल्या नावाला कंस केलेला असतो. आणि 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता.

या शेवटच्या तीन अक्षरांनी आमच्या घरातली एक गोष्ट पार बदलली. पणजोबांचे वडील धोंडी पहिल्या महायुद्धात बसऱ्याला लढताना गेले, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो होतो. युद्धात गेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मी शोधलं, ते फुकट आहे आणि हिंदी सैनिकांचीही नावं तिथे आहेत. काही लागलं नाही. मग १९१९ चा एक फेरफार हाती आला: धोंडी बिन राघू मयत, वारस मुलगा केरू, वय चार, अ.पा.क. आई बायजा कोम धोंडी. बायजा हे नाव घरात कुणालाही ठाऊक नव्हतं. तीस-बत्तीस गुंठे आणि चार वर्षांचं पोर घेऊन ती बाई मागे राहिली होती, आणि आमच्या गोष्टीत ती नव्हतीच.

जन्ममृत्यूची नोंदवही

धोंडीचं काय झालं ते गाव नमुना चौदामध्ये सापडलं. ही गावची जन्ममृत्यूची जुनी नोंदवही, लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. जुनी बुकं तहसीलच्या अभिलेखात असतात, १९६९ च्या कायद्यानंतरच्या नोंदी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत. प्रत्येक नोंदीत तारीख, नाव, बापाचं नाव, जात, आणि मृत्यू असेल तर वय आणि कारण.

१९१८ चं बुक उघडलं की काय शोधायचं ते सांगायला लागत नाही. पावसाळ्यापर्यंत महिन्याला दोन-तीन मृत्यू. ऑक्टोबरात पानंच्या पानं, आणि कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'ताप'. इन्फ्लुएन्झाची साथ. धोंडी त्या रकान्यात होता, वय अठ्ठावीस, गावातच गेलेला. त्याच्या वर दोन ओळींवर त्याचा भाऊ. बसऱ्याला गावातलं दुसरंच कुणी गेलं असेल, आणि ती गोष्ट आमच्या घरात येऊन राहिली.

हे बुक घरी बसून बघायची एक सोयही झाली आहे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमल्यावर जिल्ह्याजिल्ह्यांत कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं तपासली गेली आणि अनेक जिल्ह्यांनी सापडलेली पानं स्कॅन करून तालुका-गाववार आपल्या संकेतस्थळावर टाकली. तुम्हाला जातीच्या दाखल्याशी कर्तव्य नसलं तरी आपल्या गावाची फाईल उतरवून बघा. ज्या पानावर एक नोंद हवी होती त्यावर शेजारच्या चार नोंदीही दिसतात.

नावांकडे जरा थांबून बघत जा. दगडू, धोंडू, केरू, उकिरडा अशी नावं आधीची मुलं जगली नाहीत म्हणून, नजर लागू नये म्हणून ठेवायचे. असं नाव दिसलं की त्याच्या आधीच्या पाच-सहा वर्षांची मृत्यूची पानं चाळा. शिवाय नातवाला आजोबांचं नाव देण्याची रीत, त्यामुळे राघू-धोंडी-राघू-धोंडी अशी माळ लागते आणि दोन पिढ्या एक धरल्या जातात. मी एकदा धरल्या होत्या. वय न लिहिता नुसती नावं उतरवण्याचा तो परिणाम.

मोडी, शके आणि फसली

साधारण शंभर वर्षांपूर्वीच्या मागे गेलात की मोडी आडवी येते. आधी आडवी रेघ ओढून तिला अक्षरं टांगलेली, शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. भ्यायचं कारण नाही. सगळी मोडी शिकायची गरज नसते; पहिल्या महिन्यात गावाचं नाव, आडनाव, 'बिन', 'मयत' आणि आकडे एवढं ओळखता आलं तरी हवं ते पान वेगळं काढता येतं. मग ते पान जाणकाराकडून वाचून घ्या. राज्याचं पुराभिलेख संचालनालय आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ यांचे मोडीचे वर्ग होतात, तिथे शिकवणारेही भेटतात आणि वाचून देणारेही. मराठवाड्यातले निजामाच्या वेळचे कागद उर्दूत असू शकतात. नागपूरकडे मध्य प्रांताची पद्धत होती, तिथे 'अधिकार अभिलेख' या नावाने विचारा.

कागदावरचं साल इसवीतलं नसेल तर: शकेमध्ये ७८ मिळवा, म्हणजे शके १८४० हे १९१८. फसली, म्हणजे जमीन महसुलाच्या सनात साधारण ५९०. पेशवाईच्या आणि त्यानंतरच्या काही कागदांत सन आकड्यांत नसतो, अरबी शब्दांत असतो: 'इहिदे अशरीन मयातैन व अलफ', म्हणजे एक, वीस, दोनशे आणि हजार, १२२१. हा सुहूर सन, त्यात ५९९ मिळवले की १८२०. वर्ष जानेवारीत सुरू होत नसल्याने एका वर्षाचा फरक सगळीकडे धरून चाला.

कुलवृत्तांत आणि परदेशी संकेतस्थळं

तुमच्या घराण्याचा कुलवृत्तांत आधीच छापलेला असेल तर अर्धं काम झालं. कोकणस्थ ब्राह्मणांत ही परंपरा मोठी, इतर समाजांतही पुष्कळ वंशावळी छापल्या आहेत. इंटरनेट आर्काइव्हवर 'कुलवृत्तांत' हा शब्द मराठीत आणि रोमन लिपीत दोन्ही तऱ्हेने टाकून बघा, जुन्या प्रती स्कॅन केलेल्या मिळतात. एक दोष पदरी धरूनच वाचा: बहुतेकांत मुलींची फांदी लग्नाशी तुटते, आणि सुनेचं सासरचं नाव तेवढं उरतं.

फॅमिलीसर्च हे अमेरिकेतल्या युटामधल्या एका ख्रिस्ती पंथाचं संकेतस्थळ, खातं फुकट. त्यात हरिद्वारसारख्या तीर्थक्षेत्रांच्या पंड्यांनी, म्हणजे तिथल्या उपाध्यायांनी, आलेल्या घराण्यांची नावं लिहून ठेवलेल्या वह्यांची छायाचित्रं आहेत. नाव टाकून शोधायला जाल तर निराश व्हाल, कारण पानांना नावांची सूची नसते. एकेक पान उलटत बसावं लागतं. पैसे घेणाऱ्या संकेतस्थळांकडे सध्या वळू नका. त्यांचा भर युरोप-अमेरिकेच्या नोंदींवर, आणि आपल्या माणसांचं तिथे मिळतं ते बहुतेक दुसऱ्या कुणी हौसेने भरलेलं. डीएनए चाचणीबद्दलही लोक विचारतात. ती टक्केवारी देते. पणजीचं नाव देत नाही.

रोमन लिपीत शोधताना इंग्रज कारकुनाच्या कानाने ऐका. गायकवाड हे जुन्या इंग्रजी कागदांत 'गुईकोवार' होतं. एका आडनावाची सहा-सात स्पेलिंगं करून यादी ठेवा.

मॉरिशसच्या मराठी मंडळींचं काम उलट्या बाजूने सुरू होतं आणि एका अर्थी सोपं आहे. गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर, म्हणून गेलेल्या प्रत्येकाला नंबर होता, आणि ती दप्तरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेली आहेत. जहाज, वय, बापाचं नाव, जात, गाव. गावाचं नाव ऐकून लिहिलेलं असल्याने रत्नागिरीचा जुना नकाशा शेजारी ठेवून मोठ्याने वाचायचं.

झाड कुठे लिहायचं

कागदावर सुरुवात करा, पण तीस नावांनंतर ग्रॅम्प्ससारखं फुकट सॉफ्टवेअर घ्या. माहिती आपल्याच कॉम्प्युटरवर राहते, मराठीत लिहिता येतं. प्रत्येक नावापुढे ते कुठून मिळालं ते लिहा: फेरफार नंबर, बुकाचं वर्ष, की आत्याने सांगितलं. आत्याने सांगितलेलं वेगळ्या रंगात ठेवा. खोटं म्हणून नव्हे, अजून तपासायचं म्हणून. ऑनलाइन झाड टाकायचंच असेल तर हयात माणसांच्या जन्मतारखा आणि आईचं माहेरचं आडनाव उघडं ठेवू नका. बँका ओळख पटवायला हेच विचारतात. आणि एक व्यवहाराची गोष्ट. तुम्ही जुने फेरफार काढताय म्हटल्यावर गावातल्या भावकीला वाटतं, जमिनीवर हक्क सांगायला आली. आधीच फोन करून सांगा आणि सापडलेल्या नकलेची एक प्रत त्यांनाही द्या. मला पुढची सगळी नावं अशाच एका चुलत्याने दिली, ज्याने पहिल्यांदा फोनच ठेवून दिला होता.

शेवटी त्र्यंबकेश्वर

जे ऑनलाइन नाही त्यासाठी एकदा नाशिक-त्र्यंबक करायचंच. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे गाव आणि आडनावाप्रमाणे घराणी वाटलेली असतात. दोन-तीन ठिकाणी विचारलंत की तुमचे कोण ते कळतं. मूळ गाव आणि मूळ आडनाव सांगायचं, आमच्यासारखं पाटील सांगून चालत नाही. सिंहस्थात किंवा श्रावणी सोमवारी जाऊ नका, कुणाला मान वर करायला फुरसत नसते. दक्षिणा मनाजोगी द्या, वहीचा फोटो काढायचा तर आधी विचारा.

आमच्या गुरुजींनी वही उघडली तेव्हा केरूच्या नावचा लेख निघाला, तीर्थाला आल्याची तारीख, मुलांची नावं, खाली अंगठा. त्याखाली आजोबांची सही. मग गुरुजींनी पेन पुढे केलं आणि विचारलं, तुमच्याकडून कोण लिहिणार, भाऊ आला आहे का? मी म्हटलं, मीच लिहिते. ते क्षणभर थांबले, मग वही माझ्याकडे फिरवली. वडिलांचं नाव, भावाचं, माझं, आमच्या दोघांच्या मुलींची, असं सगळं लिहिलं. आणि धोंडीच्या नावाशेजारी जी जागा कोरी होती तिथे गुरुजींना विचारून 'बायजा' लिहिलं, कंसात फेरफार नंबर टाकून.